स्टेरॉइड सोडायचं, पण उडी मारून नाही

पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीहून कात्रजचा घाट गाडीने तासाभराच्या आत गाठता येतो. सांधेदुखीच्या औषधात मात्र हा घाट लोकांना घरबसल्या दाखवला जातो. बिननावाची पुडी घ्यायची, दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक उघडते, चेहरा भरतो. "जडीबुटीचं आहे काकू, साइड इफेक्ट नाही." अशा कित्येक पुड्यांत दळून मिसळलेलं असतं ते डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे चक्क स्टेरॉइड. यात आयुर्वेदाचा दोष नाही, भेसळीचा आहे. पण वर्षभर पुडी खाल्लेला माणूस एक दिवस पुण्यात संधिवाततज्ज्ञांपुढे बसतो, "मी स्टेरॉइड कधीच घेतलं नाही" असं शपथेवर सांगतो, आणि तिथूनच उपचाराचा हिशेब चुकायला लागतो.

आधी हे दुखणं कोणतं, ते पाहू. गावात गुडघा दुखला तरी संधिवात आणि कंबर धरली तरी संधिवात. याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला, 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमाखाली घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली. हाडासांध्यांच्या दुखण्याची तक्रार शंभरात अठरा जणांची होती. आमवात मात्र दोनशे माणसांत जेमतेम एकाला. आमवात म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नाहीत, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात. हा मजकूर त्या दोनशेतल्या एकासाठी आणि त्याच्यासारखा दाहाचा आजार असलेल्यांसाठी आहे. वयानुसार झिजलेल्या गुडघ्याला बायोलॉजिकचा, म्हणजे आमवातावरच्या नव्या, महागड्या इंजेक्शनांचा, उपयोग नाही.

"बायोलॉजिक म्हणजे भारीतलं स्टेरॉइड."

नाही. दोघांचं कूळ वेगळं, काम करायची रीतही वेगळी. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 साली या कामाला नोबेल मिळालं. पुढे जास्त डोसाचे परिणाम दिसू लागले तसा उत्साह ओसरला: चेहऱ्यावर सूज, वाढलेली साखर, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू. स्टेरॉइड सगळ्या दाहावर सरसकट पाणी ओततं. आग विझते, आणि घरही भिजतं.

बायोलॉजिक एखाद्याच निरोप्याला अडवतं. दाह पेटवणारा टीएनएफ नावाचा रेणू अडवला तर आमवात शमतो, हे फेल्डमन आणि मैनी यांनी लंडनमध्ये 1992 पासून रुग्णांवर दाखवून दिलं. 1998 च्या सुमारास ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली. ती रसायनांच्या भांड्यात बनत नाहीत, जिवंत पेशींकडून बनवून घ्यावी लागतात. म्हणून महाग. तरी हे सगळं परदेशातलं आहे असं समजू नका. अडालिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या बायोलॉजिकची पहिली प्रतिकृती 2014 साली झायडस या भारतीय कंपनीने बाजारात आणली. आणि मुळशी तालुक्यातल्या घोटवड्याला ल्युपिन कंपनीच्या जैवतंत्रज्ञान केंद्रात घडलेलं इटानरसेप्ट हे असंच दुसरं बायोलॉजिक 2019 मध्ये जपानने मंजूर केलं.

स्टेरॉइड आणि बायोलॉजिक यांच्या मध्ये एक पायरी असते, ती बोलण्यात नेहमी गळते. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझीन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या, स्वस्त गोळ्या. बहुतेकांचा आजार यांच्यावरच ताब्यात येतो. बायोलॉजिक येतं ते या अपुऱ्या पडल्यावर. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवा.

"इंजेक्शन सुरू झालं, आता स्टेरॉइडची गोळी बंद."

सगळ्यात धोकादायक समज हाच. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी रोज स्वतःचं स्टेरॉइड तयार करतात, प्रेडनिसोलोनच्या मापात साधारण 5 मिलिग्रॅम. बाहेरून महिनोन्महिने आयतं मिळालं की त्या काम सोडून बसतात. अशात गोळी किंवा पुडी एकदम थांबवली तर गळून जाणं, उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, आणि वेळीच ओळखलं नाही तर मृत्यूसुद्धा. ताप आला, अपघात झाला, शस्त्रक्रिया ठरली, तर शरीराला नेहमीपेक्षा जास्त स्टेरॉइड लागतं आणि झोपलेल्या ग्रंथी ते देऊ शकत नाहीत. म्हणून गोळी चालू असेपर्यंत आणि सुटल्यावरही काही महिने कुठल्याही डॉक्टरांना "मी स्टेरॉइडवर होतो" हे आधी सांगायचं.

गोळी एकदम न थांबवण्याचं दुसरं कारण वेळेचं. स्टेरॉइड दिवसांत उतार देतं, बायोलॉजिकला आठवडे लागतात. ते लागू पडलं की नाही याचा निकाल बहुधा तीन महिन्यांनी लागतो. तोवर दोन्ही औषधं हातात हात घालून चालतात, आणि बायोलॉजिकने पाय रोवले की गोळी उतरायला लागते. शेवटचे 5 मिलिग्रॅम सगळ्यात हट्टी. 2020 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या एका चाचणीत टोसिलिझुमॅब या बायोलॉजिकवर स्थिरावलेल्या आमवाताच्या रुग्णांची 5 मिलिग्रॅमची गोळी 16 आठवड्यांत शून्यावर आणली. शंभरातल्या पासष्ट जणांना ते आजार न उसळता जमलं. ज्यांची गोळी चालूच ठेवली त्यांच्यात आजार ताब्यात राहिलेले होते सत्त्याहत्तर. माझ्या मते हा आकडा उत्साह वाढवणारा आहे. मात्र उरलेल्यांनी आपण कमी पडलो असं समजू नये. कुणाची गोळी हळू सुटते, कुणाची थोडी राहते.

"स्टेरॉइड विषच आहे."

तसंही नाही. करोनात ऑक्सिजनवर असलेल्यांचे जीव डेक्सामेथासोननेच वाचवले. तेच औषध गरज नसताना, जास्त दिवस आणि साखरेकडे न बघता दिलं गेलं, तेव्हा 2021 मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पाहिला. आमवातातही सुरुवातीचे काही आठवडे कमी डोसाचं स्टेरॉइड हा रास्त उपाय आहे. लवकर उतरवायचं हे ठरवून सुरू केलेलं असलं म्हणजे झालं.

"आपल्याकडे टीबी आहे, मग ही इंजेक्शनं नकोच."

इथे भीतीला आधार आहे. निष्कर्ष तेवढा चुकतो. टीबीचे जंतू अनेकांच्या अंगात वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. त्यांच्याभोवतीची भिंत टिकवण्यात टीएनएफचा वाटा मोठा. तो अडवला की जंतू सुटू शकतात. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यावर टीबी झालेले 70 रुग्ण 2001 साली नोंदवले गेले, त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या 12 आठवड्यांतच झाला, आणि निम्म्याहून अधिकांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता. म्हणून आपल्याकडे सुई टोचण्याआधी छातीचा एक्स-रे, हातावरची मॉन्टू किंवा रक्ताची आयग्रा चाचणी, शिवाय कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी होते. सुप्त टीबी सापडला तर आधी त्याच्या गोळ्या सुरू होतात आणि साधारण महिन्याने बायोलॉजिक. घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर लाजून लपवू नका. इंजेक्शनं चालू असताना तीन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप किंवा मानेला गाठ दिसली, तर पुढच्या सुईआधी दाखवा.

लसींचंही आधी विचारून घ्या. फ्लू आणि न्यूमोनियाच्या चालतात, जिवंत जंतूंच्या चालत नाहीत.

"फ्रीजमध्ये ठेवलं की झालं."

औषधाला 2 ते 8 अंश लागतं. बर्फाच्या कप्प्यात गोठलं तर ते वाया गेलं, वितळवून वापरायचं नाही. स्वारगेटहून भोरच्या एसटीत एप्रिलच्या उन्हात आणायचं तर बर्फाच्या पिशव्यांचा डबा हवा, पण सुई थेट बर्फाला टेकता कामा नये, मध्ये फडकं घाला. वीज गेली तर फ्रीज उघडझाप करू नका.

बायोलॉजिक जन्मभर घ्यावं लागेल का? आजार पुरता शांत झाला की दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवून पाहतात. पूर्ण थांबवल्यावर अनेकांचा परत उलटतो. खर्चाचं म्हणाल तर धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखीव असतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा, आणि आपल्या औषधाला सवलत बसते का ते स्पष्ट विचारा.

आणि पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. कागदात गुंडाळलेली, नाव नसलेली ती पुडीसुद्धा.