उभी गाडी, जागी बॅटरी

मेची सुट्टी लागली की लखनौमधली अनेक मराठी कुटुंबं पुष्पक एक्स्प्रेसने मुंबईकडे निघतात आणि गाडी महिनाभर उभी राहते. लखनौचा पारा याच दिवसांत ४० अंशांच्या वर, कधी ४५ पर्यंत जातो. इंजिन बंद असतं. बॅटरीचं काम मात्र चालूच असतं.

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि विरल सल्फ्युरिक आम्ल असतं. तारा काढून ठेवल्या तरी प्लेटा आणि आम्लातली रासायनिक क्रिया थांबत नाही. २५ अंशांना महिन्याकाठी साधारण ३ ते ५ टक्के चार्ज असा आपोआप उतरतो. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट होतो. शिवाय घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग बॅटरीवरच चालतात. त्यांनी मिळून ५० मिलिअँपिअर घेतले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात निम्मी रिकामी होते.

खरं नुकसान पुढे होतं. चार्ज उतरताना प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजे कण बारीक असतात आणि चार्जिंग केलं की नाहीसे होतात. बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली, तर त्यांचे टणक स्फटिक बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग निकामी होतो.

म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करूनच गाडी सावलीत लावा. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. ते गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं; पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर शॉर्ट सर्किट होतं. परत जोडताना निगेटिव्ह शेवटी. रिमोट चालणार नाही, तेव्हा दार किल्लीनेच लावा.

शेजाऱ्याकडे किल्ली देणार असाल, तर तारा काढू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणायला सांगा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरत नाही.

डिसेंबरच्या धुक्यात गाडी सुरू झाली नाही की आपण थंडीला दोष देतो. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते, हे खरं. पण ती बॅटरी बहुतेकदा उन्हाळ्यातच खचलेली असते. काळजी घ्यायची ती मे महिन्यात.