कॉलेज बदललं की टीमही बदलते का? वाशिमच्या बास्केटबॉल प्लेअरसाठी पूर्ण हिशेब

वाशिम स्टेशनवरून रेल्वेत बसलात की एका दिशेला अकोला लागतं आणि दुसऱ्या दिशेला हिंगोली. दोन्ही जिल्ह्याची ठिकाणं, दोन्हीकडं कॉलेजं, दोन्हीकडं वाशिमकरांचे पाहुणे.

आता समजा, वाशिमच्या एखाद्या कॉलेजात बीएच्या सेकंड इयरला असलेला बास्केटबॉल प्लेअर आहे. घरच्यांची बदली झाली म्हणा, चांगला कोच हवा म्हणा, त्याला कॉलेज बदलायचंय. अकोल्याला गेला तर त्याचं विद्यापीठ तेच राहतं. हिंगोलीला गेला तर विद्यापीठ बदलतं, आणि मोठ्या स्पर्धेतलं एक अख्खं वर्ष त्याच्या हातून जाऊ शकतं.

पोरगा तोच, हातातला बॉल तोच, रिंगही तीच ३.०५ मीटरवर. मग फरक कशाचा पडतो? तर दाखल्यावर कोणत्या विद्यापीठाचं नाव आहे, याचा.

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की इन्स्टावर अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या 'ट्रान्सफर पोर्टल'च्या रील्स फिरायला लागतात. अमका प्लेअर तमक्या युनिव्हर्सिटीत गेला, इतके डॉलर मिळाले वगैरे. ते बघून आपल्याकडच्या पोरांनाही वाटतं की कॉलेज बदलायचं आणि नवी जर्सी घालून मैदानात उतरायचं, एवढंच असतं. आपल्याकडं ते एवढं सरळ नाही. कसं ते बघू.

आधी शिडी समजून घ्या

वाशिम जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. या विद्यापीठाखाली पाच जिल्हे येतात, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम.

कॉलेजच्या प्लेअरचा रस्ता साधारण असा असतो. पहिल्यांदा कॉलेजच्या टीममध्ये निवड. मग विद्यापीठातल्या कॉलेजांची आपसातली स्पर्धा, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन. तिथं खेळ दिसला की विद्यापीठाच्या टीमसाठी निवड. ज्याची निवड होते त्याला आपल्याकडं 'कलर होल्डर' म्हणतात, आणि कॉलेजच्या फलकावर त्याचं नाव लागतं.

विद्यापीठाची टीम पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धेत जाते. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू भरवतं. महाराष्ट्रातली विद्यापीठं पश्चिम विभागात खेळतात. विभागात वरच्या नंबरात आलेल्या टीम अखिल भारतीय स्पर्धेला जातात. तिथं चांगलं खेळणाऱ्या विद्यापीठांसाठी २०२० पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचंही दार उघडलंय.

यात लक्षात ठेवायची गोष्ट ही की हे सगळं वर्षातून एकदाच होतं. तीन वर्षांची डिग्री म्हणजे तीन संधी. एक वर्ष गेलं की तिसरा हिस्सा गेला.

कॉलेज बदललं की नेमकं काय होतं?

इथं तीन वेगवेगळ्या केस आहेत. लोक त्या एकात एक मिसळतात आणि घोळ होतो.

पहिली केस, विद्यापीठ तेच, कॉलेज वेगळं. म्हणजे वाशिमवरून अकोला, यवतमाळ किंवा अमरावती. अमरावतीचं नाव यात मुद्दाम घेतो, कारण तिथं १९१४ साली सुरू झालेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे आणि खेळात करिअर करायचं ठरवलेली विदर्भातली पोरं तिकडं वळतात. या केसमध्ये विद्यापीठ बदलत नाही, त्यामुळं विद्यापीठाच्या टीमसाठी तुम्ही त्याच घरचे राहता. पण नव्या कॉलेजकडून आंतरमहाविद्यालयीन खेळायला लगेच मिळेल का, हे ज्या त्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे नियम ठरवतात. देशातली काही विद्यापीठं अशा वेळीही प्लेअरला वर्षभर थांबवतात. त्यामुळं विद्यापीठ तेच आहे म्हणून गाफील राहायचं नाही.

दुसरी केस, डिग्री अर्धवट ठेवून दुसऱ्या विद्यापीठात जाणं. हिंगोली जवळ आहे, पण ती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येते. नागपूर विदर्भातलंच आहे, पण त्याचं विद्यापीठ वेगळं. इथं मायग्रेशन सर्टिफिकेट काढावं लागतं, आणि मायग्रेशनवर आलेल्या प्लेअरला नव्या विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ खेळण्यासाठी एक वर्ष थांबावं लागतं. कॉलेजमध्ये बसता येतं, परीक्षा देता येते, प्रॅक्टिसलाही कोणी अडवत नाही. पण विद्यापीठाची जर्सी मिळत नाही.

तिसरी केस, डिग्री पूर्ण करून पुढच्या शिक्षणासाठी दुसरीकडं जाणं. वाशिमला बीए केलं आणि एमएला नागपूरला गेलात, तर ते अधेमधे पळणं धरलं जात नाही. इथं वर्षभर थांबायची अट लागत नाही.

यासोबत काही साध्या अटी सगळ्यांनाच आहेत. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येतं. विद्यार्थी रेग्युलर हवा, कोर्स किमान एका वर्षाचा हवा, पूर्णवेळ नोकरी नको. आणि वयाची वरची मर्यादा २५. म्हणजे थांबलेलं वर्ष मागून भरून काढू म्हटलं, तरी वय थांबत नाही.

गंमत म्हणजे ही रेघ कायमची नव्हती

अमरावती विद्यापीठ सुरू झालं १ मे १९८३ ला. त्याआधी वऱ्हाडातली कॉलेजं नागपूर विद्यापीठाखाली होती. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.

म्हणजे १९८२ साली वाशिमवरून नागपूरच्या कॉलेजात गेलेला प्लेअर एकाच विद्यापीठात फिरत होता. आज तोच प्रवास करणारा दुसऱ्या विद्यापीठात जातो. गाव हललं नाही, नागपूर हललं नाही, रेघ हलली.

पण हा नियम आणला कशाला?

नियम वाचून राग येणं साहजिक आहे. पण दुसरी बाजूही बघा.

बास्केटबॉलची टीम १२ जणांची, मैदानात एका वेळी पाच. लहान गावातल्या कॉलेजात हे १२ जमवणंच अवघड. क्रीडा संचालक सर फर्स्ट इयरच्या उंच पोराला पकडतात, त्याला ड्रिबल शिकवतात, दोन वर्षं सकाळी मैदानावर उभे राहतात. पोरगं तयार झालं, आणि स्पर्धेच्या तोंडावर मोठ्या संस्थेनं हॉस्टेल आणि फी माफीचं आमिष दाखवून उचललं, तर? पाचातला एक गेला की लहान कॉलेजची टीमच बसते. दोन-तीन वर्षं असं झालं की सरही म्हणतात, कशाला शिकवायचं.

वर्षभर थांबायची अट या पळवापळवीला ब्रेक लावते. तयार प्लेअर आज आणून उद्या खेळवता येत नसेल, तर त्याला उचलण्यातला फायदाच कमी होतो.

अडचण एकच. नियम पळवलेल्या आणि अडचणीनं गेलेल्या पोरात फरक करत नाही. वडिलांची बदली झाली, घरी आजारपण आलं, कॉलेजला ग्राउंडच नाही, अशी कारणं असलेलं पोरगंही त्याच रांगेत उभं राहतं.

त्यात आता नवी गोष्ट आलीय. २०२१ मध्ये 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात आणि दुसरीकडं नेता येतात, असा तिचा हेतू आहे. म्हणजे अभ्यास बॅगेत भरून नेता येईल, पण खेळातला हक्क नेता येत नाही. कॉलेज बदलणं जितकं सोपं होईल तितके जास्त प्लेअर या अटीत अडकतील.

मग अमेरिकेत लगेच कसं खेळता येतं?

तिथंही आधी असंच होतं. कॉलेज बदललेल्या बास्केटबॉल प्लेअरला साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं.

१५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. ही प्लेअरच्या नावांची ऑनलाइन यादी. प्लेअरनं कॉलेजला लेखी सांगायचं, कॉलेजनं त्याचं नाव यादीत टाकायचं, आणि मग दुसरे कोच त्याच्याशी बोलू शकतात. जुन्या कोचची परवानगी लागत नाही. २०२१ मध्ये एकदा न थांबता बदलायची मुभा मिळाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदला, थांबायची गरज नाही, असं झालं.

त्याच काळात पैसाही आला. १ जुलै २०२१ पासून प्लेअरला स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येऊ लागलं, आणि २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देऊ लागली.

परिणाम? प्लेअरला मोकळीक मिळाली. पण आता दर वसंतात २ हजारांहून जास्त प्लेअर पोर्टलमध्ये उतरतात, आणि सगळ्यांना नवी टीम मिळत नाही. लहान कॉलेजांनी घडवलेले प्लेअर मोठी कॉलेजं घेऊन जातात. आपला नियम ज्याला घाबरतो, ते तिथं रोज घडतंय.

नवा भिडू टीममध्ये बसतो कसा?

भारतीय वंशाच्या वरुण रामचं उदाहरण बघा. उंची ५ फूट ९ इंच. आधी तो ट्रिनिटी नावाच्या लहान कॉलेजात होता. तिथून मेरीलँड विद्यापीठात आला, तोही 'वॉक-ऑन' म्हणून, म्हणजे स्कॉलरशिप न घेता टीममध्ये शिरलेला. मॅचमध्ये मिनिटं फार कमी मिळायची.

मार्च २०१५, राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी, समोर वॅलपरायझो. मेरीलँड तीन पॉइंटनं पुढं, शेवटचे काही सेकंद. कोचनं फक्त डिफेन्ससाठी वरुणला आत पाठवलं. त्यानं समोरच्याला नीट शॉटच घेऊ दिला नाही. मेरीलँड ६५-६२ नं जिंकलं.

नव्या टीममध्ये जाणाऱ्यानं यातून घ्यायचं ते हे. जुन्या टीममध्ये तुम्ही २० पॉइंट मारत असाल, पण नव्या टीममध्ये ती जागा आधीच भरलेली असू शकते. टीमला काय कमी आहे ते बघून ते द्यायचं. कोणाला डिफेन्स करणारा हवा असतो, कोणाला रिबाउंड घेणारा. थांबायचं वर्ष आलंच, तर ते या तयारीत घालवता येतं.

दाखला काढायच्या आधी हे विचारा

एकदा टीसी हातात आला की मागं फिरणं अवघड. म्हणून आधी हे करा.

१. नवं कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं आहे ते बघा. जिल्हा किंवा अंतर बघून अंदाज लावू नका.

२. दोन्ही कॉलेजांच्या क्रीडा संचालकांशी बोला. 'बघू, करून घेऊ' हे उत्तर धरू नका. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं चालू वर्षाचं नियमपत्रक मागा.

३. या वर्षी जुन्या कॉलेजकडून खेळला असाल तर ते लपवू नका. चुकीचा प्लेअर खेळवला म्हणून तक्रार झाली तर पूर्ण टीम अडचणीत येते.

४. प्रवेश पक्का झाला का ते बघा. प्रोव्हिजनल प्रवेशावर नाव पाठवलं तर पात्रतेत अडकतं.

५. खेळाची सगळी प्रमाणपत्रं सांभाळून ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणती स्पर्धा कोणत्या पदाला चालते याची यादी शासन निर्णयात असते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते.

६. डिग्रीला एकच वर्ष उरलं असेल तर थांबायचा विचार करा. डिग्री घेऊन गेलात तर तेच विद्यापीठ तुम्हाला पहिल्याच वर्षी खेळवू शकतं.

कॉलेज बदलणं चूक नाही. चांगल्या कोचसाठी, चांगल्या मैदानासाठी बदलावंच लागतं. फक्त फी, हॉस्टेल आणि बसभाडं याचा हिशेब करताना त्या एका वर्षाचाही हिशेब करा. तुमच्या ओळखीत कोणी खेळणारं पोरगं किंवा पोरगी ॲडमिशन बदलायच्या विचारात असेल, तर टीसी काढायच्या आधी त्यांच्यापर्यंत हे पोचवा.