कल्हईचा धडा

‘भांडी धातूची का करतात?’ या प्रश्नापुढे ‘कारण धातू टणक असतो’ हे उत्तर आणि त्याला मिळालेले पुरते गुण शेजारच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत पाहिल्यापासून, पदार्थांचे गुणधर्म याहून निराळ्या रीतीने कोठे शिकवले जातात काय, अशी विचारपूस मी चालवली होती. तिच्यामुळेच वाई तालुक्यातील एका प्राथमिक शाळेच्या पटांगणात मी जाऊन पोहोचलो. गुरुजींनी मुलांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवले होते, आणि समोर एका वृद्ध कल्हईवाल्या चाचांनी खळगा करून भट्टी पेटवली होती.

पातेले घासून झाले, तापले. नवसागराची पूड पडताच पांढऱ्या धुराचा लोट उठला. त्याचा घशात बोचणारा उग्र दर्प हे लिहितानाही माझ्या नाकातून गेलेला नाही. कथलाची कांडी तळाला टेकली तोच पाझरली, चाचांनी कापसाचा बोळा गरकन फिरवला आणि पिवळे पितळ रुप्यासारखे उजळले.

‘२३२ अंश,’ गुरुजी म्हणाले. ‘एवढ्यावर कथील वितळतं, पितळ नऊशेच्या घरात. चिंचेचं सार पितळेत कळकतं, कथलावर नाही.’ स्वस्ताईसाठी कथलात विषारी शिसे मिसळतात, हेही येथेच सांगायला हवे होते. ते राहिले, हे मला खटकले.

‘कापूसच का? नायलॉनची चिंधी का नको?’ एका मुलाने विचारले. गुरुजींनी व्याख्या सांगण्याऐवजी चाचांकडे पाहिले. चाचांनी एक चिंधी सांडशीत धरून तापल्या काठाला टेकवली. ती आक्रसली, वितळली आणि काळी होऊन चिकटून बसली. ‘फुकटचं काम लावलंस रे,’ म्हणत चाचा तो डाग खरवडू लागले.

एवढ्यात मागच्या रांगेतील एका मुलीने शंका काढली, की चुलीचा जाळ २३२ अंशांहून कितीतरी प्रखर, मग घरची कल्हई वितळत कशी नाही? आत पाणी असेतोवर भांडे शंभराच्या फारसे वर चढत नाही, असे गुरुजींनी समजावले. ‘पण तेल चढतं,’ असे म्हणून ते थांबले.

‘म्हणून आजी फोडणी लोखंडी पळीत करते, अन् वरून ओतते!’ तीच मुलगी ओरडली.

२३२ हा आकडा त्या आजीच्या कानी कधी पडला असण्याचा संभव नाही. परंतु तिच्या स्वयंपाकघरात त्याचा अंमल बिनतक्रार चालू होता, आणि तो नातीने हुडकून काढला याची नोंद करण्यास कोणत्याही प्रगतिपुस्तकात रकाना नाही.

‘रिकामं पातेलं चुलीवर विसरू नका म्हणावं आईला,’ चाचा म्हणाले, आणि भाता आवरता आवरता हसून पुस्ती जोडली, ‘नाहीतर राहू दे, नका सांगू. तेवढंच मला काम.’