जुनापाण्याची शिळावर्तुळं

संपादकांनी विदर्भातल्या लोहयुगावर लिहायला सांगितलं आणि मी जुनापाणी गाठलं. नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की शहराला खेटूनच हे संरक्षित ठिकाण आहे. माळावर काळ्या धोंड्यांची वर्तुळं पसरलेली, सगळी मिळून तीनशेच्या घरात. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपली माणसं इथे पुरली.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये इथे खोदकाम केलं. सापडलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं.

मला खिळवून ठेवलं ते ही वर्तुळं रचणाऱ्या लोकांच्या हातांनी. कडेला मोठाले धोंडे लावायचे, आत दगडगोटे आणि माती भरून उंचवटा करायचा, आणि मृतासोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी अवजारं ठेवायची. विदर्भातल्या या दफनांमधली कुऱ्हाड पाहावी: पातं दांड्याला पक्कं बसावं म्हणून त्यावर लोखंडाच्याच आडव्या पट्ट्या आवळलेल्या. रोज लाकूड तोडणाऱ्यालाच असा उपाय सुचतो. विदर्भातल्याच नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. माहुरझरीला घोडेही पुरलेले आढळले, तांब्याच्या अलंकारांसह.

जुनापाण्याच्या काही धोंड्यांवर वाटीएवढे उथळ खळगे ओळीने कोरलेत. बोट फिरवलं की कातळाचा कठीणपणा आणि कोरणाऱ्याची चिकाटी दोन्ही कळतात. काही संशोधक त्यांची सांगड दिशांशी आणि आकाशाशी घालतात. म्हणूनच एखादा धोंडा जागचा हलला, तर दगड उरतो, पुरावा जातो.

काळजी इथेच आहे. कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढे २०० मीटर परवानगी लागते. पण विदर्भातली कितीतरी वर्तुळं संरक्षित यादीबाहेर, शेतांत आणि पडीक जमिनींत आहेत. तिथला बुटका उंचवटा जेसीबी चालवणाऱ्याला भरावाचा आयता ढीग वाटतो. नागपूर चहूबाजूंनी वाढतंय. लेआउट पडताना तिथं दफन आहे हे सांगायला कोणताच कागद नसतो.

तो कागद आपल्याकडे तयार आहे. सातबाऱ्यावर विहिरीची, झाडांची नोंद होते, तशी शिळावर्तुळाचीही व्हावी. गावोगावी मोजणी करून हे काम आत्ता हाती घ्यायला हवं, कारण जमिनीचा व्यवहार झाल्यावर पुरातत्त्वज्ञ पोचतो तेव्हा सपाटीकरण आटोपलेलं असतं.