नको म्हणायची सोय

डिसेंबर 2025च्या सुरुवातीला दूरसंचार विभागाच्या एका आदेशाची बातमी आली. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप कंपनीनेच आधीपासून घालून द्यायचे आणि ते बंद पाडता येता कामा नये, असा तो हुकूम. आरडाओरडा झाला आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ही सेवा उपयोगाची आहे, यात वाद नाही. चोरीला गेलेला फोन तिथे बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डे निघाली आहेत ते कळते. पण ही कामे संचार साथीच्या संकेतस्थळावर 2023पासूनच होत होती. मग अ‍ॅपचीच सक्ती कशाला? मला तो आदेश झोंबला तो यामुळे. आपल्या फोनमध्ये काय ठेवायचे हे आपण ठरवायचे असते, हा साधा हक्क गेल्या दहा वर्षांत कसा झिजत गेला, ते त्या दिवशी सगळे डोळ्यांसमोरून गेले.

त्याआधीच्या काळाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. 2008च्या जुलैत अ‍ॅपलचे दुकान साधारण पाचशे अ‍ॅप घेऊन उघडले, पाठोपाठ गुगलचे आले, आणि आपल्याकडे बराच काळ ती पैसेवाल्यांची हौस होती.

खरी सुरुवात 2015ची. त्या वर्षी मे महिन्यात मिंत्राने आपले संकेतस्थळ चक्क बंद केले. कपडे घ्यायचे तर अ‍ॅप घ्या. पुढच्या वर्षी त्यांना संकेतस्थळ परत उघडावे लागले, पण व्यापाऱ्यांचा रोख तेव्हाच कळला होता. ब्राउझरमधले दुकान टॅब बंद केली की बऱ्याच अंशी मिटते. अ‍ॅप मुक्कामाला येते. परवानगी मिळाली तर ठिकाण, फोनबुक, फोटो पाहते. फोनमध्ये आणखी कोणकोणती अ‍ॅप आहेत, ही यादी तर अँड्रॉइड 11 येईपर्यंत कोणतेही अ‍ॅप न विचारता वाचू शकत होते. त्या यादीत माणसाचे अर्धे आयुष्य असते: कर्जाचे अ‍ॅप, गरोदरपणाचे, नोकरी शोधण्याचे, एखाद्या आजाराचे. शिवाय त्या काळात बहुतेक फोनवर परवानग्या सुट्या नाकारता येत नव्हत्या. सगळ्या द्या, नाहीतर अ‍ॅप घेऊ नका. अमेरिकेत एका बॅटरीच्या अ‍ॅपवर, म्हणजे फक्त उजेड पाडणाऱ्या अ‍ॅपवर, 2013मध्येच सरकारी कारवाई झाली होती. ते माणसाचे ठिकाण जाहिरातवाल्यांना पाठवत होते, तेही त्याने अटी मान्य करण्याआधीपासून. आपल्याकडे कुणी दखल घेतली नाही. 2016च्या सप्टेंबरात जिओ आले, नोव्हेंबरात नोटबंदी आली, आणि हातात आलेला पहिलाच स्मार्टफोन मिळेल त्या अ‍ॅपने भरला गेला.

2017च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मला फार आनंद झाला होता. न्यायालयाने दिलेले ते संरक्षण फोनच्या पडद्यापर्यंत मात्र पोचायचे राहिले. कॅमस्कॅनर हे कागद स्कॅन करायचे अ‍ॅप, कितीतरी जणांनी आधार आणि पॅन त्यावरून पाठवलेले. 2019मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत जाहिरातीसाठी घातलेल्या तुकड्यात घातक प्रोग्रॅम सापडला. अ‍ॅप ज्याने बनवले त्याच्यावर विश्वास असला तरी त्याने आत कुणाकुणाला घेतले आहे, हे आपल्याला दिसतच नाही. म्हणून मी म्हणतो की परवानग्या तपासत बसण्यापेक्षा अ‍ॅपच कमी ठेवलेले बरे.

या दशकातला सर्वांत काळा अध्याय कर्जाच्या अ‍ॅपचा. टाळेबंदीत हातातली कामे गेलेली, बँक दारात उभी करत नाही, आणि फोनवर पाच मिनिटांत पैसे. मंजूर रकमेतून ‘प्रोसेसिंग फी’ आधीच कापलेली, फेडीची मुदत कित्येकदा अवघे सात दिवस. अ‍ॅप घेताना ‘अलाव’ दाबले की सगळे फोनबुक पलीकडे जायचे. हप्ता चुकला की मावशीला, साहेबाला, बहिणीच्या सासरी फोन जायचे. फोटोंची विटंबना करून ते नातेवाइकांना पाठवले जायचे. काहींनी जीव दिला. ज्यांना ते फोन गेले त्या माणसांनी काहीच इन्स्टॉल केलेले नव्हते, कशालाच संमती दिलेली नव्हती. त्यांचे नंबर दुसऱ्याच कुणाच्या फोनमध्ये होते, एवढेच. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला 2021च्या पहिल्या दोन महिन्यांत सुमारे 1100 कर्ज-अ‍ॅप आढळली आणि त्यांतली 600 बेकायदा होती. अशा अ‍ॅपनी फोनबुक, फोटो आणि कॉलच्या नोंदींना हात लावायचा नाही, हा नियम यायला 2022चा सप्टेंबर उजाडला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

अ‍ॅपच घ्या म्हणण्याच्या वाटेने सरकारही गेले. 2020च्या मे महिन्यात नोकरदारांना आरोग्य सेतूची सक्ती झाली, मग ती सैल केली गेली. 2021मध्ये पीक पाहणी अ‍ॅपवर आली आणि साधा फोन वापरणारा शेतकरी पुतण्याच्या मागे लागला. त्याच वर्षी आपल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे आणि नोंदी करायच्या अ‍ॅपमध्ये मराठी नाही, ही त्यांची तक्रार होती. या दहा वर्षांत हे अ‍ॅप आम्हाला असे नको, हे एकजुटीने आणि मोठ्या आवाजात सांगणाऱ्या मला त्याच आठवतात.

माझ्या फोनमध्ये आज बँक, यूपीआय, निरोपांचे एक अ‍ॅप आणि नकाशा, इतकेच मी घेतलेले आहे. बाकी सगळे ब्राउझरमध्ये. पण तिथे टिकणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. अर्धा पडदा ‘अ‍ॅपमध्ये उघडा’ या पट्टीने झाकलेला असतो, बिल भरायची वेळ आली की पान अडते. परवा आमच्याकडच्या एका दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट घ्यायला गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, रिपोर्ट अ‍ॅपवरच येतो.” तिच्याच फोनवर ते अ‍ॅप पाहिले. पहिल्याच पडद्यावर फोनबुकची परवानगी मागत होते.

योगायोग असा की 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात नेमके हेच उदाहरण आहे: दूरवैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपला रुग्णाच्या फोनबुकची गरज नाही, म्हणून रुग्णाने ‘हो’ म्हटले तरी ती संमती फोनबुकला लागू होत नाही. कायदा चांगला आहे. त्याचे नियम 2025च्या नोव्हेंबरात आले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी दीड वर्ष, म्हणजे मे 2027. पण अ‍ॅपच नको म्हणणाऱ्याच्या हातात रिपोर्ट कसा ठेवायचा, याबद्दल त्यात अक्षर नाही. जे काम अ‍ॅपवर होते ते ब्राउझरवर आणि काउंटरवरही झालेच पाहिजे, ही एक ओळ त्या नियमांत घातली जावी, आणि मे 2027च्या आत.