मर्यादित अंदाजपत्रकातील संघबांधणी : ओकलंड अॅथलेटिक्सच्या २००१-०२ मधील हंगामोत्तर नियोजनाचा अभ्यास

गोषवारा : अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन हंगामांच्या मधल्या काळात संघांची पुनर्रचना होते. २००१ च्या हंगामानंतर ओकलंड अॅथलेटिक्स या अल्प उत्पन्नाच्या संघाने तीन प्रमुख खेळाडू गमावले आणि तरीही २००२ मध्ये १०३ सामने जिंकले. प्रस्तुत लेखात या नियोजनाची रीत, त्यामागील नियमांची चौकट आणि त्याच्या यशाची खरी मर्यादा यांचा विचार केला आहे.

१. प्रस्तावना

साधने अपुरी असताना उद्दिष्ट कसे गाठावे, हा अर्थशास्त्र व व्यवस्थापनशास्त्र यांचा मूलभूत प्रश्न आहे. व्यावसायिक क्रीडासंघात त्याचे उत्तर दरवर्षी सार्वजनिकरीत्या तपासले जाते. कारण खेळाडूचे वेतन, त्याची कामगिरी आणि संघाचे जय-पराजय या तिन्ही गोष्टी नोंदलेल्या असतात. ओकलंडचे उदाहरण मायकेल लुईस यांच्या 'मनीबॉल' (२००३) या पुस्तकामुळे व त्यावरील २०११ मधील चित्रपटामुळे सर्वदूर पोहोचले. तथापि लोकप्रिय कथनात 'आकडेशास्त्राने पैशावर मात केली' एवढाच निष्कर्ष उरतो. प्रत्यक्ष आकडे पाहता चित्र अधिक गुंतागुंतीचे आणि म्हणूनच अधिक बोधप्रद असल्याचे दिसून येते.

२. नियमांची चौकट

भारतीय वाचकास आयपीएलमधील लिलावाची पद्धत परिचित आहे. तेथे २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची सारखीच मर्यादा होती. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी सक्तीची समान मर्यादा २००१-०२ मध्ये नव्हती. परिणामी २००२ मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा वेतनखर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर, तर ओकलंडचा सुमारे चार कोटी डॉलर होता. दोन्ही संघ मात्र एकाच लीगमध्ये, एकाच अजिंक्यपदासाठी खेळत होते.

या विषमतेला छेद देणारा दुसरा नियम म्हणजे खेळाडूच्या सेवाकालाचा. मेजर लीगमध्ये आल्यावर साधारणतः पहिली तीन वर्षे खेळाडूचे वेतन किमान वेतनाच्या आसपास राहते. पुढील तीन वर्षे वेतनाबाबत एकमत न झाल्यास लवादाकडे जाण्याचा त्याला हक्क असतो. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर तो 'मुक्त खेळाडू' ठरतो आणि कोणत्याही संघाशी करार करू शकतो. म्हणजेच गुणवान तरुण खेळाडू पहिली सहा वर्षे बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. अल्प उत्पन्नाच्या संघाची खरी संपत्ती म्हणजे या स्वस्त वर्षांचा साठा होय. नियोजनकाराच्या वहीत म्हणूनच दोन चलने असतात : डॉलर आणि वर्षे.

३. २००१ अखेरची समस्या

२००१ मध्ये ओकलंडने १०२ सामने जिंकले. परंतु पहिल्या बाद फेरीत यांकीजकडून २-३ असा पराभव पत्करला. हंगाम संपताच तीन खेळाडू मुक्त झाले. पहिल्या बेसवरील जेसन जियांबी यांनी यांकीजशी सात वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला. जॉनी डेमन चार वर्षांसाठी ३ कोटी १० लाख डॉलरवर बोस्टन रेड सॉक्सकडे गेले. सामन्याच्या अखेरीस आघाडी टिकवून धरणारे पिचर जेसन इस्रिंगहाउझन चार वर्षांच्या २ कोटी ७० लाखांच्या करारावर सेंट लुईस कार्डिनल्समध्ये दाखल झाले. या तिघांची वार्षिक सरासरी एकत्र केली तर ती सुमारे ३ कोटी १६ लाख डॉलर भरते. ओकलंडच्या संपूर्ण वेतनखर्चाचा हा जवळजवळ चार-पंचमांश भाग होता. तिघांना राखणे हा पर्याय हिशेबातच बसत नव्हता.

४. नियोजनाची रीत

महाव्यवस्थापक बिली बीन व त्यांचे सहायक पॉल डेपोडेस्टा यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. 'जियांबींच्या जागी कोण?' असे न विचारता 'जियांबी जे निर्माण करीत होते, ते तुकड्यातुकड्यांनी कोठे स्वस्त मिळेल?' असा प्रश्न त्यांनी घेतला.

याचे मर्म बेसबॉलच्या रचनेत आहे. नऊ डावांच्या सामन्यात संघाला २७ बाद मिळतात. ते संपले की फलंदाजी संपली. त्यामुळे बाद न होता बेसवर पोहोचणारा फलंदाज संघाचे हे मर्यादित भांडवल वाचवतो. चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर पडले व फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. यास 'वॉक' म्हणतात. फटके व वॉक मिळून फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो, याचे प्रमाण म्हणजे 'ऑन-बेस टक्केवारी'. संयमाने वॉक मिळवणारा फलंदाज प्रेक्षणीय नसतो. त्या काळच्या बाजारात त्याला त्याच्या उपयुक्ततेच्या मानाने कमी किंमत मिळत असे. २००१ मध्ये जियांबींची ही टक्केवारी ४७.७ होती आणि तिला पर्याय नव्हता. डेमन यांची मात्र ३२.४, म्हणजे लीगच्या सरासरीपेक्षाही कमी होती. त्यांचा वेग व क्षेत्ररक्षण मौल्यवान असले तरी त्यासाठी वर्षाला पाऊण कोटी डॉलरहून अधिक खर्च करणे ओकलंडला परवडणारे नव्हते.

या निकषावर निवडलेले ठळक उदाहरण स्कॉट हॅटेबर्ग यांचे. ते कॅचर होते. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची फेक पूर्वीसारखी राहिली नव्हती. डिसेंबर २००१ मध्ये बोस्टनने त्यांना कोलोराडोकडे पाठवले आणि कोलोराडोने त्यांना करार देऊ केला नाही. बाजाराने त्यांच्यात निकामी कॅचर पाहिला. ओकलंडने बेसवर पोहोचणारा फलंदाज पाहिला. जानेवारी २००२ मध्ये दहा लाख डॉलरहून कमी मूळ वेतनावर त्यांना घेण्यात आले आणि पूर्वी व्यावसायिक स्तरावर न सांभाळलेल्या पहिल्या बेसचे प्रशिक्षण देण्यात आले. २००२ मध्ये त्यांची ऑन-बेस टक्केवारी ३७.४ राहिली. कारकिर्दीच्या अखेरच्या हंगामात असलेले डेव्हिड जस्टिस मेट्सकडून आणले गेले. त्यांची टक्केवारी ३७.६ होती.

इस्रिंगहाउझन यांच्याबाबत तर्क वेगळा होता. सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावावर 'सेव्ह' नोंदला जातो व त्या आकड्यावर त्याची किंमत ठरते. ओकलंडने टोरांटोकडून बिली कॉक यांना आणले. त्यांनी २००२ मध्ये ४४ सेव्ह नोंदवले आणि हंगाम संपताच, किंमत चढलेली असताना, त्यांना शिकागो व्हाइट सॉक्सकडे देऊन कीथ फोक मिळवण्यात आले. हा सौदा फुकट नव्हता. कॉक यांच्या बदल्यात टोरांटोला दिलेल्या दोघांपैकी एरिक हिन्स्की यांना २००२ मध्ये अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. डॉलर वाचवताना वर्षे खर्च झाली, असे याचे वर्णन करता येईल.

गमावलेल्या खेळाडूंकडूनही लाभ झाला. त्या वेळच्या नियमानुसार मुक्त खेळाडू गमावणाऱ्या संघाला नवोदितांच्या निवडीत भरपाई मिळत असे. त्यामुळे २००२ मध्ये ओकलंडकडे पूरक निवडी धरून पहिल्या फेरीतील सात निवडी आल्या. डेमन यांच्या भरपाईतून निक स्विशर, तर जियांबींच्या भरपाईतून जो ब्लँटन मिळाले. इतरांपैकी काही मेजर लीगपर्यंत पोहोचलेच नाहीत; भरपाई म्हणजे संधी, हमी नव्हे. भरपाईचे हे नियम पुढे बदलले गेले.

नियोजन हंगामाच्या आरंभी थांबलेही नाही. पहिल्या बेससाठी टेक्सासकडून घेतलेले तरुण कार्लोस पेन्या अपेक्षेप्रमाणे खेळले नाहीत. जुलैमध्ये त्यांना दुसरीकडे देण्यात आले. जेसन यांचे बंधू जेरेमी जियांबी यांना तर मे महिन्यातच पाठवले गेले. चुकीचा निर्णय लवकर मागे घेणे हाही या रीतीचाच भाग होता.

५. यशाचे मूल्यमापन

२००२ मध्ये ओकलंडने १०३ सामने जिंकले. १३ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात सलग २० विजय मिळवून अमेरिकन लीगचा तत्कालीन विक्रमही केला. तिप्पट खर्च करणाऱ्या यांकीजचे विजयही १०३ च होते. यावरून 'गमावलेले सर्व भरून निघाले' असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु धावांचा हिशेब तसे सांगत नाही. ओकलंडने २००१ मध्ये ८८४ धावा केल्या व ६४५ दिल्या. २००२ मध्ये ८०० केल्या व ६५४ दिल्या. फलंदाजी ८४ धावांनी खालावली होती. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, या बिल जेम्स यांच्या सूत्राने पाहिल्यास अपेक्षित विजय २००१ मध्ये सुमारे १०६, तर २००२ मध्ये सुमारे ९७ येतात. एका विजयाची प्रत्यक्ष वाढ नियोजनाची असण्यापेक्षा योगायोगाची अधिक होती.

दुसरी बाब अशी की, संघाचा कणा नव्या स्वस्त खरेदीचा नव्हताच. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो या तीन तरुण पिचरांच्या नावावर २००२ मध्ये अनुक्रमे १५, १९ व २३ असे ५७ विजय लागले. झिटो यांना साय यंग पुरस्कार, तर शॉर्टस्टॉप मिगेल तेहादा यांना लीगच्या सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार मिळाला. हे चौघेही संघानेच घडवलेले व बाजारभावाहून स्वस्त वर्षांत असलेले खेळाडू होते. हंगामोत्तर नियोजनाचे श्रेय एवढेच, की हा कणा शाबूत असताना भोवतीची पडझड त्याने थोड्या पैशात आटोक्यात ठेवली. हे श्रेय लहान नाही. पण त्याचे स्वरूप नुकसान घटवण्याचे आहे, चमत्काराचे नाही.

येथे न्यायाचा प्रश्नही उपस्थित होतो. संघाची 'कार्यक्षमता' म्हणून जी गणली जाते, तिचा मोठा भाग म्हणजे तरुण खेळाडूंना न मिळालेले वेतन होय. मुक्त होताच तेहादा सहा वर्षांच्या ७ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर बाल्टिमोरला गेले. हडसन व मल्डर यांना डिसेंबर २००४ मध्ये इतर संघांकडे देण्यात आले. ज्याची कारकीर्द सहा वर्षांपूर्वीच दुखापतीने संपते, त्याला बाजारभाव कधीच मिळत नाही. २०२२ च्या सामूहिक करारात लवादपूर्व खेळाडूंसाठी वर्षाला ५ कोटी डॉलरचा बोनस निधी निर्माण झाला, ही या असमतोलाची एक प्रकारे कबुलीच आहे.

६. लाभाचे आयुष्य

बाजारातील अज्ञानावर आधारलेला लाभ ते अज्ञान असेपर्यंतच टिकतो. जान हेक्स व रेमंड सॉअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, या शतकाच्या आरंभी बेसवर पोहोचण्याच्या कौशल्याला विजयातील वाट्याच्या मानाने कमी वेतन मिळत होते आणि २००४ पर्यंत ती तफावत दूर झाली, असे दाखवून दिले. बोस्टनने २००२ च्या अखेरीस बिल जेम्स यांना सल्लागार नेमले आणि २००४ मध्ये अजिंक्यपद पटकावले. तेच ज्ञान अधिक पैशासोबत आले, तेव्हा ओकलंडचे वैशिष्ट्य उरले नाही. २०२४ च्या हंगामानंतर तर संघाने ओकलंड शहरच सोडले.

७. निष्कर्ष

या अभ्यासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, मर्यादित अंदाजपत्रकात व्यक्तीऐवजी तिच्या कार्याची जागा भरावी लागते. दोन, पैशाइतकाच काळाचाही हिशेब ठेवावा लागतो. आज वाचवलेल्या रकमेची किंमत उद्याच्या खेळाडूने मोजलेली असू शकते. तीन, नियोजनाचे मूल्यमापन अंतिम निकालावर न करता, उपलब्ध साधनांत किती नुकसान टळले यावर करावे. २००२ मध्येही ओकलंड पहिल्याच बाद फेरीत मिनेसोटाकडून २-३ असे हरले. पाच सामन्यांच्या मालिकेत दैव बलवत्तर असते. १६२ सामन्यांच्या हंगामात मात्र विचारपूर्वक केलेल्या तजविजीचे मोल दिसून येते.