छोट्या पडद्यावरचा बालविवाह : भाग दुसरा

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमचे अभ्यासमंडळ बसते. दहा-बारा विद्यार्थी, दोन-तीन शिक्षक. खाली गिऱ्हाइकांची वर्दळ, वर आमचे वाद. मागच्या बैठकीत टीव्हीवरील सामाजिक मालिकांचा विषय निघाला. एका तरुण मित्राने ‘बालिका वधू’ची भरभरून तारीफ केली. तिने बालविवाहाचा प्रश्न घराघरांत नेला, असे त्याचे म्हणणे. तो थांबतो न थांबतो तोच मागे बसलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, त्यात कोयता कुठंय?” तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून हे टिपण.

मालिकेचे श्रेय मालिकेला दिलेच पाहिजे. जुलै २००८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा राजस्थानातल्या हवेलीत कोंडलेली लहानगी आनंदी पाहून पुष्कळ पांढरपेशी घरे अस्वस्थ झाली. पण पुढे ती आठ वर्षे चालली, दोन हजारांहून अधिक भाग झाले! एवढा काळ एकच अन्याय कोण पाहणार? मग आनंदी सरपंच झाली, तिचे दुसरे लग्न झाले, तो नवरा अतिरेक्यांच्या हल्ल्यात गेला, मुलगी पळवली गेली आणि त्या मुलीचाही बालविवाह झाला. एवढ्यानेही भागले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गुजरातेतले गाव आणि नवी आनंदी घेऊन दुसरी ‘बालिका वधू’ आली, २०२२ मध्ये आटोपलीही.

हा दुसरा भाग प्रश्नाची गरज म्हणून येत नाही, तो वाहिनीची गरज म्हणून येतो. आणि तो चालवायचा तर खलपात्र जिवंत ठेवावे लागते. व्यवस्थेला चेहरा नसतो. तिला कॅमेऱ्यापुढे उभी करता येत नाही. म्हणून तिच्या जागी एक कर्मठ आजी उभी केली जाते. आजीचे मन पालटले की प्रश्न सुटला. पण प्रश्न सुटला तर मालिका संपेल, म्हणून आणखी एक दुष्ट माणूस आणावा लागतो. प्रेक्षक त्या माणसाचा द्वेष करतो आणि निर्धास्त झोपतो.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि मुलींचा बालविवाह या तिन्ही रूढींचे मूळ एकच दाखवले होते : जातीच्या आतच लग्न झाले पाहिजे हा हट्ट. स्त्री ही जातीच्या कुंपणाचे दार आहे, म्हणून तिच्यावर पहारा. हे विश्लेषण शंभर वर्षांहून जुने आहे. मी पाहिलेल्या भागांत त्याची पुसटशी सावलीही दिसली नाही.

त्याच राजस्थानातली खरी हकिकत आठवा. जयपूरजवळच्या भटेरी गावात कुंभार जातीची भंवरीदेवी सरकारी महिला-विकास कार्यक्रमात साथिन होती. १९९२ मध्ये तिने एका गुज्जर घरातले बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. तिच्या प्रकरणातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली, देशभरच्या नोकरदार स्त्रियांना त्यांचा आधार मिळाला. तिच्या खटल्यातील अपील मात्र वर्षानुवर्षे पडून राहिले. या कथेचा दुसरा भाग असा आहे. तो कोणती वाहिनी दाखवील?

आता कोयत्याकडे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात सुमारे २३ टक्के आहे, महाराष्ट्रात २२. आपल्या सोलापूर जिल्ह्यात ते ४० च्या आसपास आहे आणि बीड-परभणीत त्याहूनही जास्त. इथे कर्मठ आज्या अधिक आहेत काय? ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती जोडी पाहून. पोराचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. पोरीच्या घरचा हिशेब निराळा. आईबाप पाच-सहा महिने फडावर, मग वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर कोपीला धड दार नसते. जमीन नाही, वसतिगृहात जागा नाही. या बापाला खलनायक करून कोणती मालिका उभी राहील? आणि उचल, मुकादम, कारखाना हे दाखवायचे तर जाहिराती कोण देईल?

“म्हणजे टीव्हीवर काही करूच नये का?” मित्राने चिडून विचारले. मी त्याला सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’ची आठवण दिली. प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेले, तासाभराच्या आतले चित्र. दुखी चांभार ब्राह्मणाच्या दारी उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. ब्राह्मण त्याचे प्रेत दोरीने ओढत नेतो, परत येऊन जागा पाण्याने शुद्ध करतो. संपले. तिथे कुणाचे मन पालटत नाही, कुणी सूड घेत नाही. पाहणाऱ्याची सुटका करील असा दुसरा भाग रायांनी ठेवलेला नाही.

बैठक उठली तेव्हा ती विद्यार्थिनी जिन्यापाशी थांबली होती. धाकटी बहीण चौदा वर्षांची आहे, घरात स्थळाची बोलणी सुरू आहेत, दिवाळीनंतर आईवडील निघतील, असे तिने सांगितले. गावाजवळच्या कोणत्या वसतिगृहात जागा मिळेल, हे विचारायला उद्या आम्ही दोघे-तिघे जाणार आहोत.